जोंधळ्याची नक्षी कुणाची

चादर विकत घेणारं माणूस दुकानात काय करतं ते एकदा नीट बघा. आधी घडी हातावर तोलतं. मग कोपरा चिमटीत धरून सूत चोळून बघतं. रंग जाईल का, विचारतं. आणि ज्या नक्षीपायी शंभर घड्यांतून त्यानं नेमकी हीच घडी ओढलेली असते, तिच्याबद्दल एक अक्षर काढत नाही. मी एकतीस वर्षं ती नक्षी काढायच्या खात्यात होतो, म्हणून माझं लक्ष तिकडंच जातं.

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी डिझाईन मास्तर होतो. मास्तर म्हटलं की लोक विचारायचे, कुठल्या शाळेत? म्हणून थोडं सांगतो. चादरीवरचं फूल छापलेलं नसतं, विणलेलं असतं. आधी ते बारीक चौकोनांच्या कागदावर काढायचं. एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. उभा धागा वर ठेवायचा असेल तर चौकोन रंगवायचा, खाली जाऊ द्यायचा असेल तर मोकळा सोडायचा. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावरच्या जकार्ड यंत्राला चढवतात, आणि जकार्ड ती भोकं वाचत धागे उचलतं. आता हे सारं संगणकावर होतं, पण चौकोन कुणीतरी भरावाच लागतो. गुलाबाची एक पाकळी वळवायची तर डोळ्यांतून पाणी येईतो चौकोन भरावे लागायचे. एक चुकला की ती चूक चादरभर पुन्हा पुन्हा उमटणार.

एकदा लातूरकडचा एक व्यापारी आला. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल वाटायचे होते, आणि त्यावर खास तिच्यासाठी नक्षी हवी होती. मी ती एकोणीस दिवस काढत होतो. हिशेबाला बसल्यावर तो आमच्या शेटजींना म्हणाला, “सुताचे घ्या, रंगाचे घ्या, मजुरीचे घ्या. फुलांचे कसले पैसे घेता? फुलं काय तुमच्या बागेतली आहेत का?” शेटजी खदखदून हसले. शेटजी हसले म्हणून मीही हसलो.

तसा मला या बोलण्याचा सराव होता. मी मूळचा मैंदर्गीचा. गावातल्या दुकानांच्या पाट्या, लग्नातल्या भिंतींवरचे गणपती, मंडळाचे फलक, सगळं मी काढायचो. मेहुण्याच्या किराणा दुकानाची पाटी रंगवायला तीन सुट्ट्या गेल्या, तर तो म्हणाला, “तुमचं काय भावजी, हात फिरवला की झालं.” आमची आई तर मोठ्या मनानं सांगायची, “त्याला आवडतंयच की. आवडीच्या कामाला कुणी पैसं घेतंय व्हय?” सूत वजनावर येतं, रंग डब्यातून येतो, मजूर घाम पुसताना दिसतो. चित्र काढणारा मात्र सावलीत बसून, मान खाली घालून, मजेत असल्यासारखा दिसतो. एवढंच कारण असावं. आणि दुसरं म्हणजे तो मागत नाही. मागायची त्याला लाज वाटते.

हे मला इतकं कळत होतं. म्हणूनच मी पुढं जे केलं त्याला अजाणतेपणा म्हणता येत नाही. ज्याचं घर एकदा चोरांनी फोडलेलं असतं, त्याला कडी कुठून सरकते ते बरोबर ठाऊक असतं.

मास्तर झाल्यावर माझ्याकडं बाहेरचे चित्रकार डिझाईन घेऊन यायचे. शहराच्या पूर्व भागातली विणकर घरांतली पोरं, एखादा ड्रॉईंगचा शिक्षक, एखादा पाट्या रंगवणारा. मी त्यांना चहा पाजायचो. कागद उलटसुलट बघून म्हणायचो, “चांगलंय. दोन दिवस ठेवून जा, शेटजींना दाखवतो.” दोन दिवसांत मी त्यावर पातळ कागद ठेवून छाप उतरवायचो. पाच पाकळ्यांच्या सहा करायच्या, वेल डावीकडची उजवीकडे वळवायची, काठ बदलायचा. तिसऱ्या दिवशी माणूस आला की त्याचा कागद गुंडाळी करून हातात द्यायचा. “पसंत पडलं नाही हो. पुढच्या वेळी बघू.” शेटजी पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, “आमच्या मास्तरांमुळे बाहेरचं डिझाईन कधी विकत घ्यावं लागत नाही.” मला तो माझ्या हाताचा गौरव वाटायचा. तेव्हा खरंच वाटायचा.

आमच्याकडं नरसय्या नावाचा विणकर होता. दोन माग चालवायचा. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी त्याच्या पद्धतीचं मराठी. मी नवीन होतो तेव्हा माझी फुलं कागदावर सुरेख दिसायची आणि मागावर फसायची. एके दिवशी त्यानं मला मागाजवळ बोलावून कापडाची उलटी बाजू दाखवली. “चित्र बेस हाय मास्तर. पण धागा इतका लांब मोकळा सोडलाव, तर पायाच्या बोटात अडकतंय की. झोपलेल्या माणसाचा इचार करून काढा.” हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नसतं. त्यानं फुकट शिकवलं.

त्याची मुलगी राजेश्वरी. घरात सगळे राजी म्हणायचे. बारावीनंतर घरात आईबरोबर विड्या वळायची आणि उरलेल्या वेळात चौकोनी कागदावर चित्रं काढायची. तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. तिनं बापाला सांगितलं, “नायना, एक वर्ष दे. एक डिझाईन विकून दाखवते. नाही विकलं तर तू म्हणशील तिथं लग्न.” वडिलांना ती नायना म्हणायची. मला काका म्हणायची.

हुरड्याच्या दिवसांत ती माझ्याकडं आली. “काका, मला जोंधळा जवळून बघायचाय. सगळ्या चादरींवर गुलाब नाहीतर मोर. आपल्याकडं जे पिकतं ते कुणीच काढत नाही.” मला गंमत वाटली. मी तिला आमच्या मैंदर्गीच्या शेतावर भावाकडं पाठवून दिलं. आठ दिवस ती रोज एसटीनं जाऊन बांधावर बसायची. भावाचा फोन आला, “आण्णा, ही कसली पोरगी धाडलास? हुरडा दिला तर हातात धरून बसलीया. खातच न्हाय, नुसती बघतीया.”

पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ती डिझाईन घेऊन आली. मी कागद टेबलावर उलगडला आणि त्यावर वाकून बघायला लागलो. फिकट राखाडी जमिनीवर जोंधळ्याची कणसं धरलेली ताटं वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली. प्रत्येक कणसात दाणा दाणा वेगळा, आणि तरी उलटीकडं एकही धागा लांब सुटत नव्हता. बापाची विद्या तिच्या हातात उतरली होती. मी आयुष्यात तसं काही काढलं नव्हतं. पुढं काढणारही नव्हतो, हेही त्याच क्षणी कळलं. तेव्हा मला जे वाटलं तो मत्सर होता. आज त्याला दुसरं नाव देत नाही.

“चांगलंय,” मी म्हणालो. “दोन दिवस ठेवून जा.”

सुट्टीच्या दिवशी घरी बसून मी छाप उतरवला. स्वतःची समजूत घालायला मला फार कष्ट पडले नाहीत. शेत आमचं, कणीस आमचं, हुरडा आमचा. मग नक्षी तिची एकटीची कशी? ओळखू येऊ नये म्हणून मी ताटांचा कल बदलला, आणि मधली जागा भरायला पानं वाढवली. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा म्हणालो, “शेटजी म्हणाले, जोंधळा कोण अंगावर घेणार? गुलाब काढ.”

ती कागद गुंडाळत म्हणाली, “बरं काका.” दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “तुम्हाला आवडलं होतं ना पण?”

मी हो म्हणालो. तेवढंच खरं बोललो.

श्रावणात ती चादर मागावर चढली, आणि चढली ती नेमकी नरसय्याच्या मागावर. माग कुणाला द्यायचे ते माझ्या हातात नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खोलीत आला. अंगभर सुताची कुसं चिकटलेली. दार लावून घेतलं आणि उभाच राहिला.

“मास्तर, ही आमच्या राजीची नक्षी हाय. मी तिला काढताना बघितलंय. पैसे न्हाई दिले तरी चालतंय. शेटला तिचं नाव तरी सांगा.”

घाबरलेला माणूस फार वाईट बोलतो. मी म्हणालो, “नरसय्या, दुसऱ्या पाळीतली माणसं कमी करायचं चाललंय. यादी माझ्यापुढनं जाते. तुझं नाव त्यात नको, असं मला वाटतं. तू काय बघितलंस ते विसर.”

यादी खरी होती, पण ती माझ्यापुढनं जात नव्हती. मी त्याचं नाव त्यात घालूही शकलो नसतो आणि काढूही शकलो नसतो. त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं हातावरची कुसं झाडली आणि तो डबा न उघडताच मागावर परत गेला. त्यानंतर रोज आठ तास त्यानं ती चादर विणली. दसरा-दिवाळीत ती इतकी खपली की आणखी चार मागांवर चढवावी लागली. शेटजींनी माझा पगार वाढवला. मी तो घेतला.

दिवाळीला कारखान्याकडून प्रत्येक कामगाराला एक चादर भेट असायची. त्या वर्षी शेटजी म्हणाले, या वर्षी जी गाजली तीच द्या. नको म्हणायला मी कारण काय देणार? नरसय्यानं रांगेत उभं राहून आपली घडी घेतली आणि काखेत मारून घरी नेली.

भाऊबीज झाल्यावर कारखाना उघडला, त्या दिवशी राजेश्वरी थेट शेटजींच्या खोलीत आली. मीही तिथंच होतो. तिनं चादर टेबलावर पसरली. आवाज अजिबात चढवला नाही.

“शेटजी, हे डिझाईन माझं आहे. मी मास्तरांना दाखवायला दिलं होतं.”

त्या दिवसापासून मी तिचा काका राहिलो नाही.

शेटजींनी माझ्याकडं बघितलं. “काय मास्तर? हिचं आहे?”

उत्तर द्यायला मला वेळ होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक म्हणतात, घाईत तोंडून गेलं. माझ्या तोंडून घाईत काही गेलं नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणालो, “नाही शेटजी. आमच्या मैंदर्गीच्या रानातला जोंधळा आहे हा. लहानपणापासून बघत आलोय. हिनंही तसंच काहीतरी काढलं असेल. कणीस काय, कुणीही काढतं.”

राजेश्वरी रडेल, भांडेल, बापाचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तिनं चादरीवर बोट ठेवलं. “मग मास्तरांनी रान नीट बघितलेलं नाही. हे बघा, एकाच पेरावर दोन पानं आलीत. जोंधळ्याला असं नसतं. एका पेराला एक पान हिकडं, पुढच्या पेराला एक तिकडं. माझ्या कागदावर तसंच आहे. पुढच्या मालात तेवढं तरी दुरुस्त करा. चुकीचं दिसतंय.”

“पानं कोण मोजतंय बाई,” शेटजी हसून म्हणाले.

तिनं चादरीची नीट घडी घातली, टेबलावरच ठेवली आणि निघून गेली. मी शेतकऱ्याचा मुलगा. सोळा वर्षं त्या रानात राबलो होतो. जागा भरायच्या नादात एका पेरावर दोन पानं काढून बसलो, आणि जिनं आठ दिवस बांधावर बसून बघितलं तिला ते दिसलं. संध्याकाळी मी चादर उजेडात धरून पाहिली. प्रत्येक ताटावर तीच चूक होती.

दुरुस्ती झाली नाही. दुरुस्त करणं म्हणजे कबुली देणं झालं असतं. नरसय्या त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यानं काम सोडलं. राजेश्वरीनं चित्रं काढणं सोडलं आणि आईजवळ विड्या वळायला बसली, असं कानावर आलं. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, ती माहेरी परतली, संगणकावर डिझाईन करायला शिकली. हेही कानावरच आलं. सोलापूर एवढं मोठं नाही. मी ठरवलं असतं तर वीस मिनिटांत तिच्या दारात पोचलो असतो. मला पंधरा वर्षं लागली.

गेल्या वर्षी नरसय्या वारला. मला महिन्यानं कळलं. तेव्हा गेलो. साखर पेठेजवळच्या एका बोळात त्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत तिचा संगणक, मागं आईची खोली. एक कारखानदार समोर बसला होता आणि म्हणत होता, “नमुना पाठवून ठेवा की, बघून सांगतो.” ती शांतपणे म्हणाली, “नमुना बघायचेही पैसे पडतात. आधी.” तो कुरकुरत का होईना, देऊन गेला.

मी समोर बसलो. पाठ करून नेलेलं सगळं बोललो. माझं चुकलं, मी चोरी केली, मला माफ कर.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “माफी बी फुकटच की, मास्तर. जिथं खोटं बोललात तिथं जाऊन खरं बोला.”

शेटजी आता कारखान्यात जात नाहीत, बंगल्यावरच असतात. मी गेलो. त्यांनी आनंदानं बसवलं, बदामाचं दूध मागवलं. मी म्हणालो, “शेटजी, ती जोंधळ्याची चादर. ते डिझाईन माझं नव्हतं. त्या मुलीचंच होतं.”

“माहीत आहे की,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“ती पानांचं बोलली तेव्हापासून. अहो, तुमची फुलं मी किती वर्षं बघत होतो. तुमच्या हाताला तसं कणीस येणारं नव्हतं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“कशाला बोलू? डिझाईन काढणारे गावात पुष्कळ होते मास्तर. फुकट आणून देणारे तुम्ही एकटे. तुमचा पगार त्याचाच होता.” हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. कौतुकानं म्हटलं, आणि दुधाचा पेला माझ्याकडं सरकवला.

हे मी घरी बायकोलासुद्धा सांगू शकलो नाही. आठवडाभरानं राजेश्वरीकडं जाऊन मात्र शब्द न गाळता सांगितलं. मला वाटलं, तिला निदान बरं वाटेल. तिनं नुसती मान हलवली.

“त्यांना कळलं असणार, हे मला तेव्हाच वाटलं होतं,” ती म्हणाली. “त्याचं काही नाही मास्तर. तुम्ही परके, शेट परका. मला लागलं ते नायनाचं. तो रोज ती चादर विणत होता. माझी नक्षी त्याच्या डोळ्यांसमोर उतरत होती. आणि घरी येऊन एक शब्द नाही. दिवाळीला घडी उलगडली तेव्हा मी विचारलं, तुला दिसत नव्हतं का? तो खाली बघत राहिला. मी म्हणाले, तुलापण माझं काम फुकटचंच वाटतंय. त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, पण पहिल्यासारखं बोललो नाही. शेवटपर्यंत.”

तिला माहीतच नव्हतं. नरसय्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. आपण नोकरीपायी भ्यालो हे पोरीला सांगायची त्या माणसाला लाज वाटली असेल. जी लाज माझी होती, ती तो पंधरा वर्षं वाहत राहिला.

“राजेश्वरी,” मी म्हणालो, “तो गप्प नव्हता बसला. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या खोलीत आला होता.”

तिचा हात संगणकावरून खाली आला. “नायना आला होता?”

“आला होता. दार लावून बोलला.”

“काय म्हणाला? तसंच्या तसं सांगा.”

मी सांगितलं. ‘ही आमच्या राजीची नक्षी हाय. मी तिला काढताना बघितलंय. पैसे न्हाई दिले तरी चालतंय. शेटला तिचं नाव तरी सांगा.’

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, “परत एकदा सांगा.”

मी परत सांगितलं.

ती उठली. आतून आईला हाताला धरून घेऊन आली आणि खुर्चीवर बसवलं. म्हातारीच्या ओच्यात तंबाखूची पूड तशीच होती. राजेश्वरी म्हणाली, “अम्माला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगा.”

दार उघडं होतं. बोळातून माणसं येत-जात होती, समोरच्या ओट्यावर दोघेतिघे बसले होते. नरसय्याचे शब्द मी मोठ्यानं सांगितले. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. राजेश्वरी माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली. सगळं अजून सांगून झालेलं नाही, हे तिला कळलं असावं. मग मी त्याला काय म्हणालो होतो तेही, यादीसकट, तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं.